खेकड्याचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. नेदरलँड्समधल्या एका लहानशा समुद्रगावात वाळूत उभा असतो. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते.

पूर्वी मी मासेमारीच्या होडीची डोलकाठी होतो. गावाला बंदर नव्हतं. होड्या सपाट बुडाच्या. घोडे लावून त्या सरळ वाळूवर ओढून घेत. बायका हेरिंग माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन शहरापर्यंत चालत जात. पुढे होड्या गेल्या, मासे सुकवायच्या जागी हॉटेलं आली. आता लोक लाल दीपगृह बघायला येतात, टेकाडावरच्या पांढऱ्या चर्चसमोर फोटो काढतात, मासेवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून कांद्याबरोबर हेरिंग खातात.

मला किनाऱ्यावर रोवलं आणि वर पाटी ठोकली. पाटीवर केशरी खेकडा. हरवलेल्या मुलांना आपली जागा ओळखता यावी म्हणून. शेजारच्या खांबावर बदक, त्यापुढे हत्ती. वादळं पाहिलेली डोलकाठी मी, आणि डोक्यावर हा खेकडा! खाऱ्या वाऱ्यानं त्याचा रंग उडायला लागला तेव्हा, खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

गेल्या जुलैत लायडस्खेनडाम या जवळच्या गावाहून सुमेधा आणि धवल आले. कडेवर बाळ, बरोबर पाच वर्षांची संहिता. वाटेवरच्या फलकावरचा नकाशा वाचून धवल म्हणाला, "आपला खेकड्याचा खांब." वर कुणीच पाहिलं नाही.

"हरवलीस तर कुठे यायचं?" सुमेधानं विचारलं.

"क्रॅब!"

"मराठीत सांग."

"खेकडा. आई, यू आस्क्ड ऑलरेडी!"

बाळाचे कपडे बदलून होईपर्यंत संहिता शिंपले वेचत लांब गेली. आईबाबा तिला शोधायला पाण्याकडे धावले, आणि ती नेमकी माझ्यापाशी परत आली. माझ्या सावलीत उभी राहिली. मान वर केली. कोरी पाटी.

"नॉट धिस वन," ती पुटपुटली आणि पुढे गेली. बदक ओलांडलं, हत्ती ओलांडला. मला हाक मारता येत नाही.

पाऊण तासानं जीवरक्षकांच्या जीपमधून ती आली.

"खेकड्यापाशी थांब म्हटलं होतं ना!" सुमेधा ओरडली.

"खेकडा नव्हताच, आई!" हुंदके देत, पण मराठीत.

सुमेधानं वर पाहिलं. मग लेकीला पोटाशी धरून म्हणाली, "नव्हताच गं बाळा. मी बघितलंच नाही. माझं चुकलं."

चुकलं माझं होतं. खेकडा मला जेवढा नकोसा होता, तेवढाच त्या पोरीला हवा होता.

वसंतात मला नवा रंग देणार आहेत म्हणे. रंगाऱ्यांनो, खेकड्याचे आठही पाय आणि दोन्ही नांग्या रंगवा, एकही गाळू नका. आणि मित्रांनो, समुद्रावर आलात की खेळण्याआधी आईबाबांना घेऊन खांबापाशी या, मान वर करून बघा. चित्र दिसलं नाही, तर कुणाला तरी सांगा. मला सांगता येत नाही.