दोनदा बोलणाऱ्या माणसाचा आवाज

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण माझ्यातून गेलेल्या आवाजावर तुम्ही पोट धरून हसला आहात. मी एक जुना माइक आहे. भिंतींना फोम चिकटवलेल्या, एका बाजूला काच असलेल्या कोंदट खोलीत माझी एकोणीस वर्षं गेली. माझी जाळी डावीकडे चेपलेली आहे, कारण एका गायकाला आपला सूर सापडेना आणि त्याने राग माझ्यावर काढला. असो. मी कुणाचं काही मनात ठेवत नाही. मला ते जमतच नाही. कानावर आलं ते पुढे पाठवायचं, एवढंच माझं काम.

नवा होतो तेव्हा माझा थाट काय विचारता! मखमली अस्तराच्या पेटीतून आलो होतो. रेकॉर्डिस्ट मला रोज मऊ फडक्याने पुसायचा आणि माझ्यासमोर कुणी शिंकलं तर त्याच्यावर खेकसायचा. "कुजबुजसुद्धा सोडत नाही हा," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि मी फुगायचो.

एके दिवशी एक तरुण बातम्या वाचायची चाचणी द्यायला आला. आवाज भारदस्त, उच्चार खणखणीत. पण तो नदीपलीकडचा होता. तिकडची माणसं आपुलकीने बोलताना शब्द दोनदा म्हणतात. नुसतं "या" म्हटलं तर त्यांना तो हुकूम वाटतो. "या या" म्हटलं की आलेला माणूस घरचा होतो. बातम्यांच्या सुरुवातीला या पठ्ठ्याच्या तोंडून "नमस्कार नमस्कार" निघून गेलं आणि काचेपलीकडे सगळे फिदीफिदी हसले. नोकरी हुकली. मग तो इथेच पडेल ते काम करू लागला आणि खोली रिकामी असली की माझ्यासमोर उभा राहून तो दुसरा शब्द गिळायला शिकला. तीन वर्षं लागली. शेवटी तो कुठला आहे हे कुणाला ओळखू येईना.

आणि नेमकी तेव्हाच ती कार्टून मालिका आली. एका इमारतीतल्या बिऱ्हाडांच्या गमतीजमती होत्या. त्यात एक इस्त्रीवाला हवा होता. नदीपलीकडचा, भित्रा आणि मठ्ठ. दिग्दर्शिकाबाईंनी चारपाच जणांना ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"तिकडचं बोलणं कुणालाच जमत नाही का रे?"

"मी बघू का?" आमचा तरुण म्हणाला. त्याने डोळे मिटले. "देतो देतो ताई, बसा बसा. गरम आहे गरम आहे, हात जपा."

मी चमकलो. हा आवाज त्याने बनवलेला नव्हता. समोरच्याला भाजू नये म्हणून खरंच काळजी करणाऱ्या कुणा वयस्क माणसाचा तो आवाज होता. त्याचे वडील इस्त्रीचं दुकान चालवत, हे मला नंतर कळलं.

"अरे, सोनं आहे हे!" बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "फक्त दोनदा नको, तीनदा म्हण. आणि जरा बावळट कर."

त्याने केलं. पात्राचं नाव पडलं डबल. तीनदा बोलायचं आणि नाव डबल, पण तेवढा हिशेब कोण करतो? डबल उंदराला घाबरून कपाटात लपायचा. स्वतःच्याच इस्त्रीने स्वतःची पँट जाळायचा आणि तीनतीनदा माफी मागायचा. घराघरांत लोक हसून लोळायचे. मीही त्या दिवसांत मिरवलो, खोटं कशाला बोलू? माझा फोटोसुद्धा छापून आला.

चहाच्या सुट्टीत आमचा कलाकार एकदा रेकॉर्डिस्टला म्हणाला, "आमच्या दुकानासमोर पोरं 'डबल, डबल' ओरडतात. बाबा टीव्ही बघत नाहीत. त्यांना वाटतं, पँटच्या घडीवर डबल इस्त्री फिरवतो म्हणून आपलं नाव झालंय. खूश असतात." तो हसला, पण ते हसू काही मला नीट पकडता आलं नाही.

शंभराव्या भागाचा फोटो काढायचा होता, म्हणून त्याने घरून कोट मागवला. कोट घेऊन वडील स्वतःच आले. कलाकार आत माझ्यासमोर उभा होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे तिकडचा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता.

"नमस्कार नमस्कार," ते दारातूनच म्हणाले. "कोट आणलाय, कोट आणलाय."

रेकॉर्डिस्ट खो खो हसत सुटला. "काका, एक नंबर! डबलची नक्कल काय हुबेहूब करता हो तुम्ही!"

"कुणाची कुणाची?"

"ऐका ना, ऐकवतोच." आणि त्या भल्या माणसाने, मनात काही वाईट नसताना, उंदराचा भाग लावला. वडील मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी काचेतून आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा माझा स्टँड घट्ट धरून उभा होता.

"काका, ओळखलंत का कोण बोलतंय?"

"ओळखलं," ते म्हणाले. एकदाच. कोट खुर्चीवर ठेवला, त्याची कॉलर हाताने सारखी केली आणि निघून गेले.

त्यानंतर आठवडाभराने कलाकार रेकॉर्डिस्टला म्हणाला, "बाबा आता सगळं एकेकदाच बोलतात. 'ये.' 'जेव.' 'जा.' आम्हाला वाटतं, हाकलूनच दिलं." त्याने बाईंकडे जाऊन ते तीनदा बोलणं काढून टाका म्हणून हात जोडले.

"अरे, प्रेमानेच करतोय ना आपण? आणि ते काढलं तर त्या डबलमध्ये उरतं काय?"

खरंच, लेखकांनी डबलसाठी दुसरं काही लिहिलंच नव्हतं. त्याने मालिका सोडली. पंधरा दिवसांत दुसरा कलाकार आला. तो आयुष्यात नदीपलीकडे गेला नव्हता. जुने भाग ऐकून शिकला आणि आणखी मोठ्याने ओरडू लागला. कुणाला फरक कळला नाही. मालिका अजून चालू आहे.

मी मात्र थकलो. नवा माइक आला आणि मी रेकॉर्डिस्टच्या टेबलामागच्या फळीवर धूळ खात पडलो. तिथूनच मी आमच्या कलाकाराला शेवटचं पाहिलं. वडील जाऊन महिना झाला होता.

"आईला त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय रे," तो म्हणाला. "माझ्याकडे कुठेच नाही. त्या दिवसानंतर ते फोनवरसुद्धा यायचे नाहीत. पहिल्या भागातलं पहिलं वाक्य दे. बाईंनी ते तसंच ठेवलं होतं, दोनदाचं."

"पण तो तर तुझा आवाज."

"नाही. त्यांचाच आहे तो."

रेकॉर्डिस्टने शोधून लावलं. देतो देतो ताई, बसा बसा. आणि लगेच मागून, मालिकेत प्रत्येक वाक्यामागे घालायचे तो, हशा उसळला.

"एवढं हसू काढून दे."

रेकॉर्डिस्ट दुपारभर खटपट करत राहिला. मग त्याने हेडफोन खाली ठेवले. "नुसत्या आवाजाची फाईल आपण तेव्हा ठेवलीच नाही रे. हसू त्यातच मिसळलंय. ते आता वेगळं होत नाही."

"राहू दे. आहे तसं दे," तो म्हणाला आणि ते खिशात घालून आईकडे गेला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला पुन्हा पेटीत ठेवा, असलं काही मी मागत नाही. धडधाकट असताना मी नुसतं पुढे पाठवत राहिलो, म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या ओळखीचं कुणी वेगळं बोलत असेल, तर त्याचं बोलणं एकदा न हसता शेवटपर्यंत ऐका. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. ती माउली तर आता हसण्यासकटच ऐकत बसली असेल.