दुधातून दिलेल्या गोळ्या

मनकर्णाचा ताप उतरला, आणि तोच तिचा गुन्हा ठरला.

छप्पन्न साली वऱ्हाडावरचं नागपूरचं सरकार जाऊन मुंबईचं आलं, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पौषाच्या थंडीत शेलूबाजारच्या बाजूला छातीचा ताप फिरत होता. त्यात जगदेव आणि त्याची बायको मनकर्णा, दोघंही एकदमच आडवी झाली. सासरे इंद्रभान यांनी बैलांची दमणी जुंपली, दोघांना गोधड्यांत गुंडाळलं आणि कारंज्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दोघांच्या छातीला नळी लावली, दोघांना एकच दुखणं सांगितलं आणि एकाच बाटलीतल्या पिवळ्या गोळ्यांच्या दोन पुड्या बांधून दिल्या. नवीन विलायती औषध होतं. त्यानं मरता माणूस उठतो, असं गावात बोललं जायचं.

घरी आल्याआल्या जगदेवच्या आईनं, प्रयागबाईनं, त्या औषधाची जात ठरवून टाकली. विलायती औषध म्हणजे गरम. नुसतं पोटात गेलं तर आतडी जाळणार. म्हणून जगदेवची गोळी दुधातून. आणि सुनेची?

"तिले काय होते? पान्यासंगं गिळंल."

एकच म्हैस दुभती होती. तापात मनकर्णा बोलायला जीव कुठून आणणार, आणि ठणठणीत असती तरी या घरात दुधावरून कोणती सून भांडली होती?

त्यात गावाची रीत. आजाऱ्याला भेटायला जायचं ते गडवाभर दूध घेऊन, आणि तो गडवा नुसता ठेवून यायचं नाही. आजाऱ्यानं घोट घेतलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच उठायचं. जगदेव गावाचा लाडका. भजनात आवाज त्याचा, पोळ्याला बैल सजवावे तर त्यानं. सकाळपासून ओसरीवर गडवे यायचे. बिचारा डोळे मिटूनच घोट घ्यायचा, आणि आणणारी बाई समाधानानं घरी जायची. आतल्या खोलीत पडलेल्या मनकर्णाला भेटायला मात्र रिकामे हात चालत होते. तसंही तिला भेटायला येत होतं कोण?

पुडी संपायच्या आत मनकर्णा उठून बसली. खोकला सैल झाला, भूक लागली. जगदेवची पुडी संपली, तरी त्याचं अंग तव्यासारखं तापलेलंच. श्वास घेताना त्याच्या बरगड्या वर येत.

शेजारची बेबीबाई दूध घेऊन आली होती. तिनं चुलीपाशी उभ्या मनकर्णाला खालून वर न्याहाळलं.

"एकच औषध, अन् एक उठते, एक उठत नाही. असं कसं वो प्रयागबाई?"

बस, एवढंच पुरलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की सुनेनं पुड्या बदलल्या. चांगल्या गोळ्या आपण खाल्ल्या आणि नवऱ्याला कसल्यातरी दिल्या. प्रयागबाईनं सुनेला तोंडावर विचारलं, तेही बायांच्या देखत.

"खाल्ल्या का नाही माह्या लेकाच्या गोळ्या? सांग!"

"आत्याबाई, पुडी तुमच्या उशाजोळ होती. तुमीच आपल्या हातानं देऊन राह्यल्या होत्या."

"मंग तू काहून उठली? तो काहून नाही उठत?"

जगली, याचा जाब कोणी कसा द्यायचा? पण रात्रभर तोच प्रश्न मनकर्णाच्याही डोक्यात घण घालत राहिला. डॉक्टर एक, दुखणं एक, गोळ्या एका बाटलीतल्या. घर एक, भाकर एक. फरक काय? फरक दुधाचा. त्याच्या पोटात दिवसभर दूध, आणि तिच्या पोटात थेंब नाही.

सकाळी इंद्रभान कारंज्याला जायला निघाले, तेव्हा तिनं त्यांना दारात गाठलं. "मामाजी, डॉक्टरले दुधाचं इचारजा."

त्यांनी विचारलं. डॉक्टर हसला म्हणे. दूध तर चांगलंच, भरपूर पाजा, ताकद येईल. इंद्रभान नवी पुडी घेऊन आले आणि प्रयागबाईनं दूध तापत ठेवलं.

मनकर्णा चुलीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही भान तिला नव्हतं.

"दूध देऊ नोका. गोळीसंगं नाही, आगं नाही, मांगं नाही."

"डॉक्टरहून शायनी झाली का तू?"

"वैद्याच्या पुडीले पथ्य असते. हे खाऊ नको, ते खाऊ नको. मंग ह्या गोळीलेच काहून नाही? मले पान्यानं गुन आला. मामाजी, मी चोर हाओ ना? तं पुडी तुमच्या कमरेले बांधा. मी हातबी लावत नाही. तुमी आपल्या हातानं गोळी द्या, साध्या पान्यासंगं. वरून कण्याची पेज. येत्या बाजारापर्यंत त्यायले गुन नाही आला, तं मी माहेरी जातो. पुन्हा या दारात पाय ठेवत नाही."

इंद्रभान पोराकडे बघत राहिले. पोराचे ओठ निळसर झाले होते. त्यांनी पुडी कमरेला खोवली आणि ते खाटेपाशी बसले.

त्यानंतर ओसरीवर मनकर्णा होती आणि अख्खं गाव होतं. गडवा घेऊन आलेली प्रत्येक बाई ती दारातून परत पाठवायची. बाया चिडल्या. मरत्या माणसाच्या तोंडचं दूध काढणारी, असं तिला ऐकवून गेल्या. प्रयागबाईनं कपाळ बडवलं. मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं आणि दार सोडलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी पहाटे जगदेवला दरदरून घाम फुटला. बाजारच्या दिवशी तो खाटेवर उठून बसला आणि भाकर मागू लागला. मनकर्णा गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला पोटभर रडली. आता तरी कोणी म्हणेल, पोरी, तुझं खरं होतं. निदान एवढी आशा तिला होती.

ती परत आली तर ओसरी बायांनी भरलेली, आणि प्रयागबाई सांगत होती.

"पाह्यलं ना? पुडी हिच्या हातून काढली, हिच्या सासऱ्याच्या कमरेले बांधली, तसा माहा लेक उठला. पयल्या पुडीत हिनं काय केलं असंल, ते देवच जाने!"

बाया माना डोलवत होत्या. मनकर्णानं इंद्रभानकडे पाहिलं. त्यांनीच तर आपल्या हातानं गोळ्या दिल्या होत्या, त्यांनीच पाणी पाजलं होतं. दूध बंद झालं आणि पोरगा सुधारला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. इंद्रभान पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

जगदेवनं तिला जवळ बोलावलं. आवाज अजून बारीक होता, पण ओसरी शांत झाली म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"खाल्ल्या असशीन तं खाल्ल्या. तापात मानूस भेतो. म्या तुले माफ केलं."

बायांना गहिवरून आलं. कोणी म्हणालं, नवरा असावा तर असा.

ज्या तोंडात श्वास राहावा म्हणून मनकर्णानं गावाच्या शिव्या खाल्ल्या, त्या तोंडातून तिला माफी मिळाली होती. मग ती आत गेली, दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि बाहेर येऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

"दमनी जुपा, मामाजी."

"अवो, पन तो बरा झाला ना! बरा नाही झाला तं तू जानार होती."

"त्यायनं नाही, तं तुमी तरी खरं बोलाले पायजे होतं," ती म्हणाली. "चोर म्हून मी या घरात राह्यत नाही."

इंद्रभान उठले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बायको बघत होती, गाव बघत होतं. ते दमणीसाठी बैल सोडायला गोठ्याकडे गेले.