पुडक्याचा कान

आमच्या घरात कुणीतरी माझा कचरा उघडून बघत होतं. हे मला कळलं ते माझ्या नोकरीमुळे, नाहीतर जन्मात कळलं नसतं.

मी एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर काम करते. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून जंतुमुक्त करायची, हे आमच्या खोलीचं काम. बांधायची पद्धत ठरलेली. चौकोनी कापड तिरकं ठेवायचं, जवळचं टोक हत्यारांवर घ्यायचं, मग डावं, मग उजवं, आणि शेवटचं टोक आत खोचताना त्याचा इवलासा कान बाहेर ठेवायचा. ऑपरेशनच्या खोलीत तो कान चिमटीत धरून ओढला की आतल्या वस्तूला हात न लागता पुडकं उघडतं. कान आत गेलेला दिसला की आम्ही ते पुडकं सरळ बाजूला काढतो. मध्येच कुणीतरी उघडलंय आणि पुन्हा बांधून ठेवलंय, असं समजायचं. वाद घालायचा नाही, परत धुवायला टाकायचं.

ही सवय हातात इतकी मुरलीय की घरी बटाटे कागदात गुंडाळले तरी कान बाहेर राहतो. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मी न्हाणीघरातल्या झाकणाच्या डब्यात टाकायची, त्याचाही कान बाहेर. एकदा संध्याकाळी कामावरून आले, डबा उघडला, तर सकाळी टाकलेल्या पुडक्याचा कान आत.

शंकेची पाल चुकचुकली. पण म्हटलं, असेल, घाईत मीच चुकले असेन. दुसऱ्या दिवशी मुद्दाम निरखून कान बाहेर काढला आणि मग कामाला गेले. संध्याकाळी पुन्हा आत. बांधलेलंही कसं, अगदी नीटनेटकं, कडेला कड लावून. घाईत टाकलेल्या कचऱ्याला एवढं नीट कोण बांधतं?

आधी शिसारी आली, मग असा संताप आला की तो डबाच उचलून आपटावा.

घरात माणसं तीन. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचतो. सकाळी निघतो, दुपारी जेवायला येतो, पुन्हा फेरीवर जातो. जगातला प्रत्येक माणूस वीज चोरतो असं त्याचं ठाम मत आहे. कुणाचं बिल कमी आलं की याचे कान टवकारलेच. पण घरात गुणाचा. कचरासुद्धा रोज तोच खाली नेऊन टाकतो, आणि आमच्या इमारतीतल्या बायका त्याच्यावरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारतात. राहता राहिल्या सासूबाई. गुडघे धरलेले, दिवसभर घरातच. संशयाला दुसरी जागाच नव्हती.

आणि कारण तर आरशासारखं स्वच्छ होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. दुसऱ्या सासवा बोलून दाखवतात, आमच्या अवाक्षर काढत नसत. न बोलणारी माणसं मला पहिल्यापासून धोक्याची वाटतात. नणंदेचा फोन आला की दार ओढून घेऊन हळू आवाजात बोलायच्या. काय बोलत असतील एवढं? 'याही महिन्यात काही नाही गं,' हेच ना?

पूर्वी पाळी आली की मी नवऱ्याला सांगायची. तो "बरं" म्हणायचा आणि दोन दिवस तोंड पाडून बसायचा. मूल मलाही हवं होतं, पण माझं रडू आवरू की याचं तोंड सावरू? शेवटी सांगणंच सोडलं. त्यानेही विचारणं सोडलं. मला वाटलं, चला, शहाणा झाला.

सासूबाईंना तोंडावर विचारायची छाती होत नव्हती. कागदाच्या कानावरून भांडण काढलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. मी बोलणं तेवढं तोडलं. विचारलं तर उत्तर, नाहीतर नाही. चहा त्यांच्यापुढे ठेवायचा आणि माझा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं.

कामावर माझ्या शेजारी एक चष्मेवाली बसते. तिला सगळं सांगितलं. ती कात्र्या मोजता मोजता म्हणाली, "कचराच करू नकोस ना. मग काय उघडणारेत, हवा?"

दुसऱ्या दिवशी तिने पाळीचा कप आणून दाखवला. घडी करून आत बसवायचा, भरला की रिकामा करायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. वर्षानुवर्षं टिकतो म्हणे. मऊ सिलिकॉनचा, खाली बारीक शेपटी. मी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे बुचासारखं काय गं? आत अडकून बसलं तर?"

"आतल्या आत कुठे पळून जातंय?" ती म्हणाली. "रोज एवढी हत्यारं हाताळतेस आणि याला घाबरतेस!"

घाबरत होतेच. पहिल्या वेळी न्हाणीघरात घामाघूम झाले. घडी हातातून सुटून कप टुणकन उडाला तो थेट बादलीमागे. दुसऱ्या वेळी बसला, पण दिवसभर मी त्याच्यावरही संशय धरून होते, दर थोड्या वेळाने जाऊन बघत होते. एक थेंब बाहेर नाही. पुढच्या महिन्यात तर तो आहे हेच विसरले. आणि डबा? डबा स्वच्छ! झाकण लावताना मी मनात म्हणायची, बघा आता, काय बघायचं ते बघा.

कप उकळायला मी झाकणाचं एक लहान पातेलं वेगळं ठेवलं. काम झालं की त्यातच झाकून ओट्याखाली मागे सारायची. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हे भांडं कशाचं गं?"

"माझ्या कामाचं आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. पण दोन दिवसांनी कामावरून आले तर पातेलं खिडकीत, उन्हाच्या जागी, झाकण बाजूला काढून ठेवलेलं. कप आत उघडा. कचरा संपला तर बाई भांड्यापर्यंत पोचली! मी पातेलं उचलून माझ्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. स्वतःच्या घरात कुलूप. त्या दारातून बघत होत्या.

त्याच सुमारास नवऱ्याचं वागणं बदललं. माझ्या हातातली बादली काढून घेऊ लागला. "वाकू नकोस," म्हणायचा. फळं आणू लागला. कामावर सोडायला येऊ लागला आणि वाटेत खड्डा आला की गाडी अशी हळू करायचा जणू मागे काचेचं सामान बसलंय. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, आईने कान भरलेत. भांडणाआधीचा गोडवा आहे हा. मी काही ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका सुटीच्या दिवशी दुपारी नणंद आली. नवरा आदल्या संध्याकाळपासून हवेत होता. सकाळीच बाहेर जाऊन मोठा केक घेऊन आला. सगळे बसल्यावर त्याने सुरी माझ्या हातात दिली आणि घसा खाकरला.

"ताई, तू आत्या होणार."

नणंद ओरडून माझ्या गळ्यात पडली. मी सुरी धरून तशीच उभी. माझी पाळी कालच आली होती. ती त्या क्षणीही चालू होती आणि माझ्या पोटात कळा येत होत्या.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. नजर सासूबाईंकडे. आता सापडल्या, असं मनात म्हटलं.

"सांगायला कशाला हवं?" तो हसत म्हणाला. "तू किती दिवस लपवणार होतीस? दोन महिने झाले की!"

"कशाला दोन महिने झाले?" हे सासूबाईंनी विचारलं.

"अगं आई, म्हणजे... तसलं काही नाही ना डब्यात. दोन महिने रिकामाच आहे."

बोलून गेला आणि मग त्यालाच ऐकू आलं. नणंदेचा हात माझ्या गळ्यातून हळूच निघाला.

"तू डबा उघडून बघतोस?" सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "दुपारी जेवायला येतोस तेव्हा न्हाणीघरात एवढा वेळ हेच करत होतास? पुड्या सोडून?"

तो खाली बघत होता. "मला वाटलं, ही गोळ्या घेते. मूल होऊ नये म्हणून. मला खरं सांगत नाही. म्हणून फक्त बघायचो, येते की नाही नियमित."

मी सुरी खाली ठेवली. इतके दिवस माझ्या डोक्यात सासूबाईंचा चेहरा होता, तो पुसला गेला आणि तिथे याचा आला. लोकांच्या दाराआड जाऊन मीटर वाचणारा माणूस माझंही मीटर वाचत होता. महिन्याच्या महिन्याला आकडा टिपत होता आणि रात्री मला विचारत होता, जेवलीस का?

"मी पोटुशी नाही," मी म्हणाले. "पाळी चालू आहे. आत्ताही. मी कप वापरते, धुऊन पुन्हा वापरायचा, म्हणून डब्यात काही नसतं. आणि कप का आणला माहितीय? कारण कुणीतरी माझी पुडकी उघडत होतं."

"मग सांगायचंस ना मला," तो म्हणाला.

"तू विचारायचंस."

नणंदेने केकच्या डब्याचं झाकण हळूच लावलं आणि चहा न घेताच निघाली. नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि धुवायला काहीच नसताना हात धूत राहिले. मागून सासूबाई पाय ओढत आल्या, स्टुलावर टेकल्या.

"माझ्यावरच होता ना संशय?"

मी मान हलवली. खोटं बोलायला तोंडच नव्हतं.

"वाटलं मला काहीतरी. पण मी समजले, माझ्या गुडघ्यांचं करून करून तू कंटाळलीस. ताईला फोनवर तेच म्हणत होते, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का, इथे सूनबाई बोलत नाही."

मला रडू फुटलं. नवऱ्यासमोर नाही आलं ते आता आलं.

"आणि ते पातेलं," त्या म्हणाल्या, "ताईला विचारलं तर म्हणाली, तिची मुलगीही तसंच वापरते. तू ओलंच झाकून ठेवलं होतंस, कुबट वास मारत होता. म्हणून उन्हात ठेवलं. आमच्या वेळी कापडं असायची. धुतली तरी उन्हात घालायची सोय नव्हती, कुणी बघेल म्हणून. दुसऱ्या कपड्यांखाली दडवून अंधारात वाळवायची. अर्धी ओलीच पुन्हा घ्यायची. म्हटलं, हिचं तरी नीट वाळू दे."

ओलं पुडकं म्हणजे वाया गेलेलं पुडकं, हे आमच्या खोलीत नव्या मुलींना मीच पहिल्या दिवशी शिकवते. घरी मी ते सरळ कुलपात घातलं होतं. कप आत्ता वापरात होता, तरी कपाट उघडून रिकामं पातेलं आणलं, खिडकीत ठेवलं आणि झाकण बाजूला केलं. ऊन उतरत आलं होतं, पण होतं.

नवरा आत आला. कुणाकडे न बघता त्याने रोजच्यासारखा ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उचलला. काहीतरी करून दाखवायचं होतं त्याला.

"ठेव तो," मी म्हणाले. "आजपासून कचरा मी टाकणार."

त्याने डबा लगेच सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आईकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मी कडी धरूनच होते. मग त्याने सोडला.