गल्लीभर शुगर

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचा. गेल्या महिन्यात त्याच्या हेड मेकॅनिकने मशीनरूमच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि तोंडावर सांगितलं, "थरथरत्या हाताच्या माणसाला मी शाफ्टमध्ये उतरवणार नाही. दारू सोडणाऱ्यांचा गट असतो, तिथे जायला लाग. मग ये कामावर." माणूस वाईट नाही. खरं बोलला म्हणून मला राग आला, इतकंच.

आता गट शोधायचा कुठे? चांगला प्लंबर कुठे मिळतो ते विचारता येतं, हे कुणाला विचारणार? त्यात आमच्या घराने एक शहाणपणा करून ठेवलेला. धाकटा पहिल्यांदा रस्त्यात पडला तेव्हा आई पटकन बोलून गेली, "शुगर आहे हो त्याला, एकदम खाली जाते." झालं! मग गल्लीभर तेच. जिन्यात झोपला, शुगर. कामाला गेला नाही, शुगर. लोक बिचारे त्याला पाहिलं की पिशवीतून बिस्किटं काढायचे, आणि हा पठ्ठ्या खायचासुद्धा.

शेवटी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारकाका ओळखीचे, त्यांचे शर्ट मीच शिवते. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत उगाच खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहिले. मग म्हटलं, "काका, ते लोक जमतात म्हणे कुठेतरी... ज्यांना हा त्रास आहे. एकमेकांशी बोलतात, धीर देतात. धाकट्यासाठी हो."

"हात्तिच्या, एवढंच ना!" काका म्हणाले. "वाचनालयाच्या वर, रविवारी सकाळी. चांगली माणसं आहेत. खरं तर फार आधी पाठवायला हवं होतं त्याला."

मला वाटलं, कळलेलं दिसतंय यांना, पण बघा, एका शब्दाने लाजवलं नाही. अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय.

धाकट्याला तयार कसं केलं ते विचारूच नका. आधी हसला, मग माझ्यावर ओरडला, मग शिलाई मशीनपाशी चिंध्यांत बसून ढसाढसा रडला. "तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं ना गं, ताई?"

"सांगायचं. कुणी खात नाही तुला."

रविवारी सकाळी त्याने न पिता दाढी केली. गाल कापून घेतला, पण केली. वाचनालयाचा जिना कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी मागे होते आणि मनात एकच, बाबा रे, थांबू नकोस, आता थांबलास की संपलं.

वर गोलात खुर्च्या मांडलेल्या. एक बाई पायांच्या भेगांबद्दल सांगत होत्या. मग एक आजोबा म्हणाले, चालायला लागल्यापासून रात्री लघवीला उठावं लागत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, असेल बाई, दारूने काय काय होतं कुणास ठाऊक. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी बोट टोचून रक्तातली साखर तपासायचं यंत्र बाहेर काढलं.

काकांना काहीही कळलेलं नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं जे सांगत आलो, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

मी धाकट्याची बाही ओढली. "ऊठ, चल, आपलं चुकलंय." पण त्याचं लक्ष कुठे! त्याचे ओठ हलत होते, पाठ केलेलं घोकत होता. गट चालवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "हे नवीन पाहुणे का? कधीपासून आहे तुम्हाला?"

तो उभा राहिला.

"मी दारू पितो," म्हणाला. "रोज पितो. सोडायचीय, पण सुटत नाही. हे बघा हात." आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी समोर बसल्या होत्या, बिस्किटं देणाऱ्यांपैकी. त्यांनी मान खाली घातली. मास्तर उठून जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, आमचा गट मधुमेहाचा आहे. तुझा तो गुरुवारी भरतो, इथेच. गुरुवारी ये हं, नक्की ये."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. पण त्या नजरेत राग नव्हताच.

रस्त्यावर आल्यावर माझी जी टकळी सुरू झाली! "गुरुवार काय लांब आहे का? जागा कळली, निम्मं काम झालं. आणि किती छान बोललास रे! हेच परत बोलायचं, बस्स." तो पुढे पुढे चालत होता. कोपऱ्यावरचं दारूचं दुकान रविवारीही उघडं असतं. तिथे थांबला.

"ताई, मी खरं सांगितलं ना?"

"सांगितलंस रे, राजा."

"माझ्यात एकदाच सांगण्यापुरतं बळ होतं गं."

मी त्याचं मनगट धरलं. दिवसभर कात्री चालवते मी, माझी पकड कुणाला सुटत नाही. त्याने ओढून घेतलं नाही, झटकलं नाही. नुसता उभा राहिला, आणि थरथरत राहिला, आधी हात, मग खांदे, मग दातसुद्धा वाजायला लागले. "ताई, सोड गं," म्हणाला. मी गुरुवारचं बोलत राहिले. मग मला ते बघवेना, आणि मीच हात सोडला.