पाच मते, आद्याक्षरांविना

मित्रांनो, मी जुनी आहे, पण मोडकी नाही. आणि सध्या मी रागात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण जुन्या वस्तूने नेहमी गोड गोड बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असते.

मी हेगलंड गावाची मतपेटी. सोळा इंच लांब, बारा इंच रुंद, ओकच्या लाकडाची. झाकणात एक अरुंद फट आणि पुढच्या बाजूला दोन कुलुपे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी आमुंड स्लेटन नावाच्या सुताराने मला घडवले. एरवी तो गाईंचे गोठे बांधायचा. दोन कुलुपे कशाला, असे कोणी तरी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "एकट्याला उघडता आली तर ती पेटी नाही, खिसा आहे." तेव्हापासून माझ्या दोन चाव्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. दोघे आल्याशिवाय मी उघडत नाही. इतर गावांनी मतमोजणीची यंत्रे घेतली. आमचे गाव लहान म्हणून आमच्याकडे कागद अजून हातानेच मोजतात.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला माझा थाट बघायला हवा होता! नोव्हेंबरच्या थंडीत टाउन हॉलपासून रस्त्यापर्यंत रांग लागायची. लोक आपल्या पोरांना उचलून माझी फट दाखवायचे. पण एप्रिलमध्ये आणखी एक निवडणूक असते, आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची. आमच्याकडे हे न्यायाधीश लोकच निवडून देतात. एकूण सात, प्रत्येकी दहा वर्षांसाठी. त्या दिवशी हॉलमध्ये टेबलामागच्या माणसांखेरीज माणूस दिसत नसे. जे चार लोक येत, ते ज्याचे आडनाव ओळखीचे वाटेल त्याच्यापुढे खूण करत.

खरा अपमान पुढेच आहे. दर फेब्रुवारीत त्याच हॉलमध्ये मांसाची सोडत होते. चिठ्ठी निघेल त्याला हॅम, नाहीतर सॉसेजची माळ. चिठ्ठ्या ठेवायला पेटी लागते, म्हणून मला कपाटातून काढतात. तीनशे चिठ्ठ्या! खुर्च्या कमी पडतात. आमच्या गावात न्यायापेक्षा हॅमला गर्दी जास्त, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी मोजले आहे.

आता रोझॅलिन बिएलस्कीबद्दल सांगते. साठीची बाई, पूर्वी तिच्याकडे चाळीस गाई होत्या, आता एकही नाही. मुलगी जोलीन, जावई कर्टिस आणि आठ महिन्यांची नात एल्सी एका वर्षी तिच्याकडे राहायला आली. घराला पाणी विहिरीचे. रोझॅलिनने ते तपासून घेतले. लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेटपर्यंत पाणी पिण्याजोगे मानतात. तिच्या विहिरीत सत्तावीस निघाले. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ निळसर पडतात. म्हणून एल्सीच्या दुधासाठी बाटलीतले पाणी आणावे लागे.

दोन मैलांवर आठ हजार गाईंची मोठी डेअरी होती आणि तिचे शेण आजूबाजूच्या शेतांत पसरले जाई; त्यातलेच नायट्रेट झिरपून विहिरींत उतरे. राज्याच्या पर्यावरण खात्याने डेअरीला दोन अटी घातल्या: गाई वाढवायच्या नाहीत आणि शेजारच्या विहिरी तपासायच्या. असा हुकूम द्यायचा अधिकारच खात्याला नाही, असे म्हणत डेअरी कोर्टात गेली. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तिथे तीन न्यायाधीश एका मताचे, तीन दुसऱ्या मताचे, आणि सातवी खुर्ची एप्रिलमध्ये भरायची होती.

विहिरीचा निकाल त्या खुर्चीवर. मतदारसंघांच्या सीमा कशा आखायच्या, म्हणजे पुढची दहा वर्षे विधानसभा कोणाकडे, तेही त्याच खुर्चीवर. हे कळल्यावर राज्याबाहेरचा पैसा धो धो आला. उमेदवार दोन. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी न्यायाधीश होल्लिस ट्राउटवाइन गुन्हेगारांचा कर्दनकाळ ठरत आणि न्यायाधीश कोरिन एस्टरहाउस गुन्हेगारांची मावशी. पुढच्या जाहिरातीत नेमके उलट. विहिरीचे नाव कोणीच काढत नव्हते. आणि मतपत्रिकेवर? कोणाच्याच नावापुढे पक्ष नाही! कायद्याने ही निवडणूक पक्षविरहित आहे. या शब्दाने माझ्या लाकडाला तडा जायची पाळी येते. पक्ष सगळीकडे होते, फक्त जिथे ते माणसाला दिसायला हवेत त्या कागदावर नव्हते.

मतदानाचा दिवस उजाडला. बाहेर चिखल आणि अर्धवट वितळलेला बर्फ. टेबलामागे ड्युएन क्रेस्का आणि गावाची क्लार्क मार्लिस गुंडरसन बसले होते. नियम साधा आहे. मतदाराने आपले नाव-पत्ता मोठ्याने सांगायचा. ते यादीत लिहायचे. मग मतपत्रिकेच्या पाठीवर टेबलामागच्या दोघांनीही आपापली आद्याक्षरे घालायची आणि त्यानंतरच ती मतदाराच्या हातात द्यायची. दोन कुलुपांसारखेच आहे हे: एकट्याच्या भरवशावर काही नाही.

ड्युएन मनाने चांगला माणूस, पण बोलण्याची भारी हौस. दुपारी मार्लिस फोनवर होती आणि त्याच्या एका हातात लिंबाची वडी होती, तेव्हा रोझॅलिन आणि जोलीन आल्या. जोलीनचे नाव तिथेच, त्याच दिवशी नोंदवायचे होते.

"काय गं रोझ, ऐकलंस का? माझ्या मेहुण्याची गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची झोपडी बर्फ फुटून गेली तळाशी! स्टोव्हसकट!"

"त्याला मार्चमध्येच सांगितलं होतं ना काढ म्हणून?"

"सांगितलं. तर म्हणे, माझं वजन मला माहीत आहे. मी म्हटलं, अरे, तुझं नाही रे बाबा, झोपडीचं!"

जोलीन हसली. "आणि मासे?"

"मासे खूश. फुकटात घर मिळालं."

तिघेही हसले. त्या हसण्यात ड्युएनने जोलीनचा नोंदणीचा फॉर्म फाइलमध्ये ठेवला, तिला मतपत्रिका दिली आणि मतदान करणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव लिहायचे विसरला. झोपडीची ती गोष्ट त्याने आणखी तिघांना रंगवून सांगितली. तेवढ्या वेळात पाच मतपत्रिका पाठीवर एकही आद्याक्षर नसताना माझ्यात पडल्या. कोरी पाठ मला कळते, मित्रांनो. पण पेटीला ओरडता येत नाही.

संध्याकाळी माझ्यातून दोनशे तेरा मतपत्रिका निघाल्या. यादीत दोनशे बारा नावे. "एकाचा फरक आहे, उद्या बघू," असे म्हणून त्यांनी शेरा लिहिला आणि पिशवीला सील ठोकले.

राज्यभरात अठरा लाख मते पडली आणि ट्राउटवाइन एक्याऐंशी मतांनी पुढे राहिले. तेव्हा फेरमोजणी लागली. मार्लिसने मला गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून काउंटीच्या कचेरीत नेले. पक्षविरहित निवडणुकीच्या त्या खोलीत दोन पक्षांचे दोन वकील बसले होते. रोझॅलिनही आली होती. आत येऊन बघायची सर्वांना मुभा असते.

फेरमोजणी मंडळाच्या अध्यक्षांनी नियम वाचला. नावांपेक्षा मतपत्रिका जास्त भरल्या, तर आधी आद्याक्षरे नसलेल्या वेगळ्या काढायच्या, पालथ्या करून पेटीत टाकायच्या आणि जेवढ्या जास्त असतील तेवढ्या न बघता उचलून बाद करायच्या. इथे पाचांतली एक.

रोझॅलिन उभी राहिली. "थांबा. जास्तीचं मत नाहीये ते. माझी मुलगी आहे ती! माझ्या शेजारी उभी राहून तिनं मत दिलंय. हा तिचा फॉर्म, तारीख बघा."

"बाई, फॉर्मवरून नाव नोंदवलं एवढंच दिसतं. मत दिलं हे यादीवरून दिसतं, आणि यादीत नाव नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग आता लिहा!"

"आता लिहिता येत नाही."

"ड्युएन, तोंड उघड! एरवी बंद होत नाही ते!"

ड्युएन उठला. त्याचे कान लाल झाले होते. "ती आली होती, साहेब. चूक माझी. मी झोपडीचं सांगत बसलो."

"कसली झोपडी?" एका वकिलाने विचारले.

अध्यक्षांनी मान हलवली. "तुमचं म्हणणं टिपून घेतलंय. पण नियम नियम आहे."

मग ते पाच कागद माझ्यात टाकले आणि मला हलवले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. फेब्रुवारीत हॅमसाठी हलवतात, अगदी तसेच. माझे झाकण उघडून मंडळातल्या एका बाईने मान वळवली, हात आत घातला आणि एक कागद उचलला.

मला आत घेण्यासाठी घडवले होते. खऱ्या माणसाने, खऱ्या हाताने टाकलेले मत माझ्यातून नेऊन फेकण्यासाठी नव्हे. पाचही कागद मी ओळखत होते. कोणता कोणाचा आणि त्यावर खूण कुठे, हेही मला माहीत आहे. पण गुप्तता हे माझे काम आहे आणि ते मी ड्युएनसारखे करत नाही. म्हणून कोणाचे मत गेले ते सांगणार नाही.

"कुणाचं होतं?" रोझॅलिनने हळूच विचारले.

"ते कळत नाही, रोझ. कधीच कळणार नाही," मार्लिस म्हणाली.

"माझं असेल. नाहीतर जोलीनचं."

"असेल. किंवा दुसऱ्या कुणाचं."

"म्हणजे नक्की कुणावर चिडायचं तेही नाही ना समजत!"

राज्यभरात अशा एकशे सहा मतपत्रिका उचलल्या गेल्या आणि ट्राउटवाइन सत्याहत्तर मतांनी जिंकले. आता मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. न बघता उचललेले कागद दोन्ही बाजूंचे साधारण सारखेच जातात. त्यामुळे ते एकशे सहा राहिले असते तर निकाल फिरला असता, असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. बहुधा फिरला नसता. तरी माझा राग कमी होत नाही. राग निकालाचा नाही. "एका मतानं काय होतंय," असे त्या खोलीतून बाहेर पडताना दोन्ही वकील एकमेकांना म्हणाले, आणि तेवढ्याच एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले, त्याचा आहे.

आणि त्याहून मोठा राग सांगू? गावात मतदार चारशे एक्याऐंशी. आले दोनशे तेरा. चिठ्ठी काढून एक मत बाद केले त्याचा केवढा गाजावाजा झाला! दोनशे अडुसष्ट जणांनी आपले मत घरीच बाद केले, त्यांना कोणी विचारले नाही. त्यात कर्टिसही होता. एल्सीचा बाप. तो त्या दिवशी होडीची मोटर दुरुस्त करत होता.

हिवाळ्यात विहिरीच्या खटल्याचा निकाल आला, चार विरुद्ध तीन; चौथे मत ट्राउटवाइन यांचे. गाई वाढवायला मनाई करण्याचा आणि विहिरी तपासून घेण्याचा अधिकार खात्याला नाही. डेअरीत दोन हजार गाई वाढल्या. रोझॅलिनच्या विहिरीत एकतीस भरले.

पुढच्या एप्रिलला न्यायालयाची आणखी एक जागा रिकामी झाली. हॉल उघडला आणि ड्युएनच्या खुर्चीत मला रोझॅलिन दिसली. तिने रीतसर प्रशिक्षण घेतले होते. ड्युएन मत द्यायला आला तो वड्यांचा डबा घेऊनच.

"डबा बाहेर," ती म्हणाली.

"अगं, लिंबाच्या आहेत."

"बाहेर, ड्युएन."

दुपारी कर्टिस आला. हात ग्रीसने काळे. तो हसत म्हणाला, "एक कागद द्या, सासूबाई."

"नाव आणि पत्ता. मोठ्यानं."

"काय हे! सकाळी तुम्हीच मला अंडी करून वाढलीत."

"इथं मी सासू नाही. नाव?"

त्याने नाव सांगितले, पत्ता सांगितला. तिने दोन्ही लिहिले, ओळीखाली बोट ठेवून पुन्हा वाचले. मतपत्रिका पालथी करून स्वतःची आद्याक्षरे घातली, मार्लिसकडे सरकवली आणि तिचे पेन उचलले जाईपर्यंत नजर हलवली नाही. कर्टिस पडद्याआड जाऊन आला. कागद माझ्या फटीतून आत पडला. पाठीवर चार अक्षरे, स्पष्ट. नव्वद वर्षांच्या लाकडाला जेवढे बरे वाटू शकते तेवढे मला वाटले.

तो तिथेच घुटमळला. "आता पाणी सुधारेल का हो?"

"तुझ्या एकट्यानं? नाही," ती म्हणाली. "मागच्याला वाट दे."

त्याने वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.

मित्रांनो, मला पॉलिश नको, संग्रहालयातले काचेचे कपाट तर नकोच. तुमच्याकडेही एखादी निवडणूक असेल, जिचे नाव काढले की जांभई येते आणि त्या दिवशी नेमकी मोटर दुरुस्त करायची आठवण होते. मोठे झालात की त्या दिवशी जा. तुमचे नाव यादीत लिहिले जाते की नाही ते वाकून बघा. कागद हातात आला की आधी त्याची पाठ बघा, आणि ती कोरी असेल तर भर हॉलमध्ये ओरडा. मला ओरडता येत नाही.