कुंपणाजवळचं अनोळखी झाड

कुंपणाजवळ आपोआप उगवलेल्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळं धरली आणि आप्पांच्या जिवात जीव आला. मुलाला तिथे गाडीसाठी शेड घालायची होती. "फळ खाण्याजोगं निघालं तर झाड राहील, नाहीतर गवंडी येणार," असं त्याने बजावलं होतं.

आप्पांनी बागप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुणी त्याला अंजिराचा चुलतभाऊ म्हणालं, कुणी तुतीचा मेहुणा. गणगोत जमलं, पण नाव काही सापडेना.

शेवटी मुलाने झाडं ओळखणारं अ‍ॅप लावलं. उत्तर लगेच आलं: शोभेचं झाड, फळ खाण्यास अयोग्य.

"झालं समाधान, आप्पा?"

नातू नापास झाल्यासारखे आप्पा त्या फळांकडे बघत राहिले. तेवढ्यात सून पुढे झाली.

"अहो, खाली वाचा ना. खात्रीसाठी फुलाचा फोटो हवा म्हणे."

"मग काढ की!" मुलगा म्हणाला.

"फुलं गळली. आता पुढच्या वर्षीच."

मुलाने बायकोकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि निमूटपणे गवंड्याला फोन लावला.

"शेडचं पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. "झाडाची चौकशी चालू आहे."