निरोपाच्या तीन फेऱ्या

शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं की सहावीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी क्लब निवडावा, त्याने सर्वांगीण विकास होतो. बुद्धिबळ, गायन, बागकाम, बाहुल्या, बॉक्सिंग, काय हवं ते घ्या. क्लब बदलायचा झाला तर एक पिवळा अर्ज भरायचा, त्यावर जुन्या क्लबच्या कप्तानाची सही घ्यायची आणि कार्यालयात नेऊन द्यायचा. इतकं साधं काम. फक्त बॉक्सिंगच्या क्लबात ती सही कशी मिळते, तेवढं छापायचं राहिलं होतं.

ती मिळायची तळघरात, शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. तीन फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या, डोक्याला हेल्मेट नाही. सोडून जाणाऱ्याने दोरांच्या आत उभं राहायचं. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर ग्लोव्ह टाकायचा. ज्याचा ग्लोव्ह पहिला, त्याचा मान. ठोसा कच्चा वाटला तर फेरी पुन्हा पहिल्यापासून. जाणारा पडला आणि दहा आकड्यांत उठला नाही, तर सही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा या. या प्रकाराला ती पोरं 'निरोप' म्हणत. ही अक्कल कुठल्याशा जुन्या कप्तानाची. तो केव्हाच शाळेबाहेर पडला, त्याचा नियम मात्र गोचिडीसारखा चिकटून राहिला. क्लबच्या सरांना हे ठाऊक होतं का? शनिवारी नेमक्या त्याच वेळी सरांना चहाची तल्लफ यायची आणि तो चहा चांगला पाऊण तास चालायचा. काय ते समजून घ्या.

यंदाची कप्तान अकरावीतली मुलगी होती. सगळा क्लब तिला ताई म्हणायचा, कारण तिचा धाकटा भाऊ क्लबातच होता आणि त्याच्या तोंडी तेच असायचं. तो आठवीतला, अंगाने काडी, म्हणून बारक्या. त्याला आईने तिथे घातलं होतं. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, दिवसभर दुसऱ्यांचं रक्त साबणाने काढायची. ती म्हणाली होती, "ने गं याला तुझ्याबरोबर, जरा बाळसं धरेल. आणि लक्ष ठेव." लक्ष ठेवायचं काम ताईने दोन वर्षं चोख केलं. बारक्या दोरीवरच्या उड्या मारायचा, वाळूच्या पिशवीला गुदगुल्या केल्यासारखे ठोसे द्यायचा, आणि जोडीने लढायची वेळ आली की त्याला हटकून लघवीला लागायची. ताई तिकडे काणाडोळा करायची.

सोमवारी तो पिवळा अर्ज घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, मला बाहुल्यांच्या क्लबात जायचंय."

मधल्या सुट्टीत तिथे जाऊन त्याने कागदाच्या लगद्याचं एक डोकं बनवलंही होतं. नाक हुबेहूब सरांचं. ते पाहून ताई पोट धरून हसली. मग तिचं लक्ष अर्जाकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"वर्षभर थांब ना. पुढच्या वर्षी मी कप्तान नसेन, मग काय हवं ते कर."

"पुढच्या वर्षी कप्तान रेडा होणार. मग सही त्याच्याकडून घेऊ?"

रेडा दहावीतला. त्याच्या हाती सापडलेली पोरं आठवडाभर पातळ पेजेवर राहायची.

"तू कप्तान आहेस," बारक्या म्हणाला. "नुसती सही कर की. कुणाला कळणार आहे?"

सगळ्यांना कळणार होतं. गेल्या वर्षी बुद्धिबळाला निघालेल्या एका मुलाचे पुढचे दोन दात ताईनेच पाडले होते. तो "ताई, पुरे" म्हणून रडला तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नियम म्हणजे नियम." आता भावासाठी तो मोडला असता तर तिची अब्रू गेली असती. तेही तिने सोसलं असतं. पण रेड्याने बारक्याला फाटकाबाहेर गाठला असता, आणि फाटकाबाहेर घंटा नसते, दोन मिनिटांचं बंधन नसतं. तिला एवढंच हवं होतं की आपला भाऊ तिथून धडधाकट बाहेर पडावा.

म्हणून तिने तिच्या मते नामी शक्कल काढली. ग्लोव्ह पहिला तीच टाकणार. रोज संध्याकाळी आई कामावरून यायच्या आत दोघांनी स्वयंपाकघरात सराव केला. ग्लोव्हच्या सपाट बाजूने दंडावर चापट मारायची, आवाज मोठा, मार शून्य. बारक्या तर खोटं विव्हळायलाही शिकला. "सहा मिनिटं," ती त्याला बजावायची. "फक्त उभा राहा. बाकी मी बघते." घरच्या हाताने लागलं तर कमी लागतं, असं त्या शहाण्या मुलीला मनापासून वाटत होतं.

शनिवारी तळघरात वीसेक पोरं दोरांना खेटून उभी होती. घामाचा आणि ओल्या रबराचा वास कोंदला होता. ताईचा ग्लोव्ह स्टुलावर पडला, मागोमाग रेड्याचा. रेडा हसला. "भाऊबहिणीचं प्रेम बघू आज," तो म्हणाला. कुणीतरी लोखंडी पट्टीवर हातोडी मारून घंटा दिली.

चापट, विव्हळणं, चापट. अर्धं मिनिट बरं गेलं. मग रेडा ओरडला, "कच्चा!" आणि सगळं तळघर त्याच्यामागोमाग ओरडू लागलं, "कच्चा! कच्चा!" फेरी रद्द. पुन्हा घंटा. ताईने या वेळी खांद्यावर जरा जोर लावला. पुन्हा "कच्चा!" फेरी रद्द. बारक्याला दम लागला होता आणि अजून त्याच्या खात्यावर एकही फेरी जमा नव्हती.

"ताई, जमत नसेल तर सांग," रेडा म्हणाला आणि ग्लोव्हचे बंद दातांनी आवळू लागला. "माझा नंबर दुसरा आहे."

ताईने त्या हातांकडे पाहिलं आणि भावाच्या तोंडावर ठोसा मारला.

खरा. बारक्याची भुवई फाटली. त्याचे डोळे विस्फारले, पण त्यात दुखणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. जणू कुणी चुकून त्याच्या पायावर पाय दिला होता. पोरांनी एकच गलका केला. तिने दुसरा मारला, कानावर. तिसरा पोटात. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं आणि तो एका डोळ्याने तिला शोधत राहिला. घंटा झाली. एक फेरी जमा.

दुसऱ्या फेरीत तिने बरगड्यांवर मारलं, तोंड वाचावं म्हणून. बरगडीत काहीतरी कट्कन वाजलं आणि बारक्या वाकून खाली बसला, मग आडवा झाला. पोरं आकडे म्हणू लागली. पडून राहिला तर पुढचा शनिवार, आणि पुढच्या शनिवारी स्टुलाशी आधी कोण पोचेल याचा भरवसा नव्हता. ताई त्याच्यावर वाकली. "ऊठ," ती म्हणाली. "ऊठ रे बाळा, ऊठ, तुला माझी शपथ." आठला तो गुडघ्यावर आला, नऊला उभा राहिला. उभा राहिल्या राहिल्या तिने त्याला पुन्हा मारलं. मारावंच लागत होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यातला एक ठोसा इतका नेमका बसला की क्षणभर तिच्या दंडातून गोड शिरशिरी गेली. तिला स्वतःची किळस आली. तरी पुढचा ठोसा तिने तितक्याच ताकदीने मारला.

मधल्या मिनिटात बारक्या भिंतीला टेकून बसला. त्याने लाल थुंकी टाकली. ताई त्याच्याजवळ गेली. "एकच राहिली. दोन मिनिटं. मग तू मोकळा." तो आपल्या ग्लोव्हजकडे पाहत राहिला, दोन वर्षांत आज ते पहिल्यांदाच दिसल्यासारखा.

तिसरी घंटा झाली आणि पहिला ठोसा बारक्याने मारला.

तो तिच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला कवटीच्या आतून ऐकू आला. पोरं छप्पर कोसळेल असं ओरडली. ताईने हात वर घेतले नाहीत. तिला वाटलं, मारू दे, त्याचा राग निघू दे, मला लागायलाच हवं. पण समोरून येत होतं त्यात राग नव्हता. बारक्या शांतपणे बघून, मोजून मारत होता. हनुवटी, नाक, पुन्हा नाक. ती गुडघ्यावर आली तरी तो थांबला नाही. आकडे कुणी म्हणेना. ती आडवी झाली तेव्हा तो तिच्या छातीवर बसला. घंटा झाली, दुसऱ्यांदा झाली, पट्टीवर हातोडी बडवत राहिली. शेवटी रेड्याने त्याला काखेत धरून उचललं. "अरे सोड, सोड! मारून टाकशील तिला!" रेडा म्हणत होता आणि खदाखदा हसत होता.

ताई बसती झाली. तिने दातांनी बंद सोडून ग्लोव्ह काढला आणि अर्ज मागितला. तोंडातून टपकणारं रक्त चुकवत तिने सही केली. सही वाचता येत होती.

"घे," ती म्हणाली. "झालं. जा आता. तुला जायचं होतं ना, जा."

बारक्याने अर्ज घेतला, त्या कागदाने भुवई पुसली आणि चुरगाळून टाकून दिला.

"मी नाही जात."

"अरे, सही झालीये. तू सुटलास."

"मला नाही जायचं." मग पोरांकडे वळून त्याने विचारलं, "पुढच्या शनिवारी कोण सोडतंय?"

पोरं टाळ्या पिटू लागली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी पाणी आणून दिलं. एवढ्यात सर जिना उतरून आले. त्यांनी जमिनीवरचं रक्त पाहिलं, ताईचं नाक पाहिलं, आणि काय झालं हे कुणालाच विचारलं नाही. रेड्यानेच सगळं रंगवून सांगितलं. सरांनी बारक्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"या वजनात आपल्याकडे कुणी नव्हतं," ते ताईला म्हणाले. "पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला याचं नाव घाल. आणि इतके दिवस हा कुठे लपवून ठेवला होतास गं?"

बारक्या हसला. त्याचे सगळे दात लाल झाले होते.

तेव्हा ताई रडली. भिंतीकडे तोंड करून, खांदे गदागदा हलवत, लहान मुलीसारखी रडली. क्लबात आल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, नाक दुखत असेल.